कोनाड्यात मावेल एवढं मशीन

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मुलगा मी. त्याचं श्रेय गावातले लोक माझ्या आईवडिलांना देतात आणि ते योग्यच आहे. पण पदवीचा कागद घेऊन गावाबाहेर पडलेल्या त्या बुजऱ्या मुलाला माणसांशी बोलायला कुणी शिकवलं, असं विचारलं तर मी एकच नाव घेतो. अक्का. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण त्या नावाने त्यांना हाक मारण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, म्हणून ते इथेही लिहीत नाही.

अक्का धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि मग घंटा वाजण्याची वाट बघत बसायचं, त्या काळातल्या. प्रत्येक कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच बोलायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" पुढे लोक स्वतःच नंबर फिरवू लागले आणि अक्का निवृत्त झाल्या, पण ते तीन मिनिटांचं माप त्यांच्या अंगातून गेलं नाही. दूधवाल्याशी बोलणं असो की शेजारणीशी, बोलणं लांबलं की त्या शांतपणे म्हणत, "तीन मिनिटं झाली." आणि वाढवायचं की नाही हे त्याच ठरवत. बहुतेक वेळा दार लागायचं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. धुळ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो होतो. खोली मागायला गेलो तेव्हा अक्कांनी दार उघडलंच नाही. आतून आवाज आला, "नाव, गाव आणि काम सांगा. सावकाश."

मी सांगितलं.

"अमळनेरकडचे. शिकलेले, पण घाबरट. खोटं बोलत नाही तुम्ही. चालेल." मग कडी निघाली. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितल्याचं मला आठवत नाही. माणसाला त्या कानानेच ओळखत.

माझं बोलणं तेव्हा पूर्ण अहिराणी वळणाचं होतं. वर्गात मी 'सगळा'ऐवजी 'बठ्ठा' म्हणालो की मागच्या बाकावर खसखस पिकायची. अक्कांनी त्यावर एक उपाय काढला. त्या आतल्या खोलीत बसायच्या, मधलं दार लावून घ्यायच्या आणि मी बाहेरून वर्तमानपत्र वाचायचो. आतून शेरे यायचे. "शब्द गिळू नकोस. पलीकडच्याला तू दिसत नाहीस." किंवा, "ऐकू आलं, पण पटलं नाही. पुन्हा." एकदा मी रागाने म्हणालो की आता घरीसुद्धा असंच बोलतो. त्या बाहेर आल्या. "घरी आईशी अहिराणीच बोल. ती लपवायची गोष्ट नाही, मास्तर. कुठली लाईन कुठे जोडायची एवढं कळलं की झालं."

त्या मला मास्तर म्हणत. आणखी एका माणसालाही त्या कधी कधी मास्तर म्हणायच्या. तो माणूस घरात नव्हता.

त्यांच्या पुढच्या खोलीत एका भिंतीपाशी सतरंजी असायची आणि तिच्यावर सारीपाटाचा कापडी पट मांडलेला. पटावर सोंगट्या, आणि सगळ्यावर एक पातळ पांढरं फडकं. अक्का एका बाजूला बसत. समोरची बाजू रिकामी. त्या रिकाम्या बाजूच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकेल तिथे, खोबरेल तेलाचा गोल डाग होता. बाकीच्या घराला दिवाळीत रंग लागायचा, त्या भिंतीला नाही. डागाच्या जरा वर एक छोटा कोनाडा होता, पूर्वी त्यात ट्रान्झिस्टर असायचा. आता रिकामा.

आई एकदा मला भेटायला आली. अक्कांनी तिला चहा दिला, चार गोष्टी विचारल्या. वर आल्यावर आईने दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाई चांगली शे भाऊ. पन त्या घरमा आखो कोनी शे. माले गमत नही तठे." त्या घरात आणखी कोणीतरी आहे, असं तिला वाटत होतं.

पटाची ती रिकामी बाजू नानांची. नाना म्हणजे अक्कांचा धाकटा भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचे. दोघांनीही लग्न केलं नाही, दोघं मिळून घर चालवायचे, आणि रोज संध्याकाळी पट मांडायचे. एका सकाळी ते आदल्या संध्याकाळचा डाव पुरा करायला बसले, तोही अर्धा राहिला. नानांना एका मित्राकडच्या लग्नाला मुंबईला जायचं होतं. धुळ्याहून चाळीसगावची पॅसेंजर, तिथून पुढची गाडी. उठताना ते म्हणाले, "माझी पाळी आहे, लक्षात ठेव. मला फक्त तीन पाहिजेत." त्यांची शेवटची सोंगटी घरापासून तीन घरं लांब होती. कवड्या नेमक्या तीन पडल्या की ती पिकली, नाना जिंकले आणि डाव मिटला.

नाना चाळीसगावला उतरले, हे एका ओळखीच्या माणसाने पाहिलं होतं. मुंबईला ते पोचले नाहीत. परत आले नाहीत. कुठेच सापडले नाहीत.

हे सगळं अक्कांनी मला एकदम सांगितलं नाही. तीन तीन मिनिटांच्या तुकड्यांत सांगितलं. सर्वांत शेवटी त्यांनी सांगितलं ते असं. ज्या दिवशी नाना गेले त्या दिवशी संध्याकाळी त्या बोर्डावर ड्युटीला होत्या. चाळीसगावहून लाईन आली. तिकडच्या ऑपरेटरने जोडून दिलं आणि पलीकडे कोणी बोलेना. लाईन मेलेली नव्हती, पलीकडे मोकळ्या जागेचा आवाज होता, स्टेशनासारखा. अक्का तीनदा "हॅलो" म्हणाल्या. उत्तर नाही आलं तर कापायचं, असा नियम होता. त्यांनी कापलं.

"दुसऱ्या कुणी कापलं असतं तर वाईट वाटलं नसतं," त्या म्हणाल्या. "पण मी सगळ्यांना सांगायचे, होल्ड करा, होल्ड करा. आणि मीच धरलं नाही."

म्हणून पट तसाच होता. नानांच्या पाळीवर थांबलेला. नातेवाईक म्हणायचे, इतकी वर्षं झाली, आता कागदावर सही कर, म्हणजे घराचं नीट होईल. अक्का म्हणायच्या, "डाव चालू आहे. चालू डावातला माणूस गेला असं मी कसं लिहून देऊ?"

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, रोज थेंब घातले तर राहिलेली टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच आठवड्यात अक्का क्लासमध्ये आल्या. आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी. शेजारच्या मशीनवर मुलं गोळ्या झाडण्याचा खेळ खेळत होती. अक्का थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"हा माणूस एवढा धापा का टाकतोय?"

"गेम आहे अक्का. पळतोय तो."

"कुणाच्या मागे लागलाय, की कुणी त्याच्या मागे?" मग खुर्ची ओढून बसल्या. "मास्तर, मला एक गेमचं मशीन करून दे. कोनाड्यात मावलं पाहिजे. पंख्याचा आवाज चालणार नाही. चित्र कसंही असू दे, आवाज चोख पाहिजे. आणि माझ्याजवळ पैसे आहेत तेवढ्यातच बसलं पाहिजे."

"कुठला गेम?"

"नानाची पाळी. मी त्याच्या कवड्या टाकू शकत नाही. मशीन टाकेल. डोळे आहेत तोवर बघायचंय मला."

मी म्हणालो, त्यासाठी मशीन कशाला, मी टाकतो कवड्या. त्या म्हणाल्या, "मग तो तुझा डाव होईल." मी म्हणालो, मशीनच्या प्रोग्राममध्येही हात माझाच असणार, मी तीन लिहून टाकलं तर तीनच पडेल. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तू तसं करणार नाहीस. मी तुझा आवाज ऐकलाय."

क्लासमधल्या सहकाऱ्यांनी महिनाभर माझी टर उडवली. "काय रे, आजीबाईंच्या रेसिंग कारचं कुठवर आलं?" पण मला त्या कामाने झपाटलं होतं. तोवर मी नवं मशीन म्हणजे कॅटलॉगमध्ये सर्वांत वर काय आहे ते बघायचो. आता पहिल्यांदाच प्रत्येक भागाला प्रश्न विचारायला लागलो, तू किती जागा घेतोस, किती तापतोस, किती बोलतोस. नवा प्रोसेसर जोरदार, पण तो तापतो, त्याला पंखा लागतो, पंख्याला जागा लागते आणि पंखा घरघरतो. शिवाय आमच्याकडचा मे महिना. बंद कोनाड्यात नवं मशीन म्हणजे तव्यावर ठेवलेली भाकरी. म्हणून मी मागे मागे सरकत चारशे शहाऐंशी जातीच्या जुन्या प्रोसेसरपर्यंत आलो. नुसती ॲल्युमिनियमची जाळी वर चिकटवली की तो पंख्याशिवाय राहतो. रंगीत मॉनिटर कोनाड्यात शिरत नव्हता, म्हणून बँकेच्या काउंटरवर असतो तसा वीतभर काळापांढरा. वाचलेले पैसे सगळे साउंड कार्डात.

भाग घ्यायला आम्ही जळगावला गेलो. तिथे एका तळघरात वापरलेल्या भागांचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे शेठ म्हणत. कचेऱ्यांतून निघालेली मशीनं तो सोडवून विकायचा. एसटीतून उतरल्यापासून अक्कांनी माझा दंड धरला होता, पण दुकानात शिरल्यावर सोडला.

"या मास्तर," शेठ म्हणाला. "आणि अक्का काय खेळणार? गाड्या की गोळ्या?"

"सोंगट्या," अक्का म्हणाल्या.

शेठने माझ्याकडे बघितलं. "त्याला कॅलक्युलेटर देऊ का?"

मी यादी पुढे केली. हार्ड डिस्कची वेळ आली तेव्हा अक्का म्हणाल्या, "चालू करून माझ्या हातात द्या." शेठने वायरी जोडून एक डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टेलिफोनसारखी कानाला लावली.

"अक्का, टरबूज घेताय का?" शेठ म्हणाला. दुकानातली दोन माणसं हसली.

"याला दमा आहे," अक्का म्हणाल्या. "दुसरी."

दुसरी कानाला लावली. "ही मध्येच थांबते आणि विचार करते. खोटं बोलणारी माणसं अशी थांबतात. नको."

तिसरी त्यांनी बराच वेळ धरली. दुकानातलं हसणं हळूहळू थांबलं, कारण अक्कांचा चेहरा बदलला होता. डोळे मिटलेले, मान किंचित कलती. ऐकणारं माणूस असं असतं तेव्हा पलीकडे कोणीतरी असतं. शेठने न राहवून विचारलं, "काय म्हणते?"

"काही नाही. ऐकते आहे. हीच द्या."

मदरबोर्ड मात्र अडला. माझ्या मापाचा एकच होता, लहानसा, आणि त्याच्यावरचा सेल मेलेला. हा सेल वाटाण्याएवढं काम करतो. मशीन बंद असताना तारीख आणि वेळ सांभाळतो. मी म्हणालो, नवा सेल टाकून द्या. शेठ म्हणाला, आज नाही, मागवावा लागेल. "सेल मेलाय, बाकी सगळं जिवंत आहे. तारीख चुकीची दाखवेल, एवढंच."

"तारखेशी आपल्याला काय करायचंय?" अक्का म्हणाल्या, आणि आम्ही तो घेतला.

कॅबिनेट धुळ्यात कूलर बनवणाऱ्या कारागिराकडून पत्र्याचं करून घेतलं. त्याने कोनाड्याचं माप दोनदा वाचलं. "एवढासा कूलर? मांजरीसाठी आहे का?" पण काम सुंदर केलं. कूलरला असतात तशा तिरप्या फटी पाडल्या, हवा आपोआप वर जाईल अशा. पंख्याची गरजच उरली नाही.

प्रोग्राम मी लिहिला. सहा कवड्या, त्यातल्या किती उताण्या पडल्या ते मोजायचं. खुळखुळण्याचा आवाज अक्कांनी स्वतः दिला. नानांच्याच कवड्या, मायक्रोफोनपुढे, डाव्या हाताने टाकून. नाना डावखुरे होते. आणि कवड्या दर वेळी तशाच पडू नयेत म्हणून मी एक सोय केली. मशीनने त्या दिवसाची तारीख घ्यायची आणि तिच्यावरून कवड्या हलवायच्या. रोजची तारीख नवी, म्हणून रोजचं दान नवं. मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

मशीन कोनाड्यात बसवलं त्या संध्याकाळी अक्का पटाशी बसल्या, फडकं काढलं. मी बटण दाबलं. पडदा उजळला आणि माझ्या अंगावर काटा आला. कोनाडा डागाच्या वर होता. दान टाकायला ताठ बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल बरोबर तिथे तो वीतभर उजेड आला होता. मापं घेताना मी लांबी, रुंदी, खोली घेतली होती. उंचीचा विचार केला नव्हता.

कवड्या खुळखुळल्या. चार.

"नाही पडलं," अक्का म्हणाल्या. त्या तिथेच बसून राहिल्या, मग "तीन मिनिटं झाली" म्हणाल्या आणि मशीन बंद केलं. स्वतःची पाळी त्या खेळल्या नाहीत. "मी थांबले आहे. आधी त्याचं होऊ दे. रोज एकदाच टाकायचं."

दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी चार. अक्का हसल्या, "हट्टी आहे." पुढच्या आठवड्यातही चारच. तेव्हा मात्र मी प्रोग्राम उघडून ओळ न्‌ ओळ वाचली. चूक नव्हती. मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं.

"अक्का, सेलमुळे होतंय हे. मशीन बंद झालं की त्याची तारीख पुसली जाते. पुन्हा चालू केलं की ते पहिल्या तारखेपासून सुरू होतं. त्याला रोज तोच दिवस वाटतो, म्हणून रोज तेच दान."

"कुठला दिवस?"

"एक जानेवारी, सन ऐंशी. सगळ्याच मशीनांचं तसं असतं. तारीख माहीत नसली की तिथून मोजतात."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सन ऐंशीत नाना घरी होता," त्या म्हणाल्या.

"उद्या जळगावहून सेल आणतो. सोपं काम आहे."

"हात लावू नकोस."

तिथून सगळं पालटलं. अक्कांना आता तीन नको होते. चार पडले की त्या समाधानाने मान हलवायच्या, कारण चार म्हणजे तोच दिवस. संध्याकाळी मी पाणी भरायला खाली उतरलो की आतून बोलणं ऐकू यायचं. एकटं माणूस पुटपुटतं तसं नाही. एक वाक्य, मग तेवढाच थांबा, मग हसणं, मग दुसरं वाक्य. थांबा नेमका उत्तराएवढा. स्पीकरमधून एक बारीक खरखर येत असायची. लांब वायरींत आकाशवाणीचे तुकडे अडकतात आणि ते स्वस्त स्पीकरमधून कुजबुजतात, हे मी मुलांना शिकवत होतो. तरी त्या दारातून आत जाताना मी एकदा "येऊ का?" असं विचारलं आणि विचारल्यावर कळलं की मी अक्कांकडे नाही, कोनाड्याकडे बघून विचारलं होतं.

त्या कपाटातली जुनी ऑफिसची साडी नेसू लागल्या. एकदा मला म्हणाल्या, "मास्तर, तू सन ऐंशीत केवढा असशील रे? चड्डीत असशील." मी हसलो. त्या हसत नव्हत्या, हिशेब जुळवत होत्या, मी त्या सालात कसा आलो याचा.

आणि एक दिवस खिडकीत मला डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिसली. सील न फोडलेली. शेजारी आणखी एक, तशीच.

"थेंब घालत नाही तुम्ही?"

"माझे डोळे चांगले आहेत."

"अक्का, डॉक्टरांनी..."

"ते नंतर होतं मास्तर," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी माझे डोळे चांगले होते."

मी खूप सांगितलं. रोज थेंब घालायला खाली जाऊ लागलो, तर त्यांनी दार लावून घेतलं. चोरून सेल बदलायचाही विचार केला, पण मशीनच्या सुरू होण्यातला बारीकसा फरक त्यांच्या कानाला कळला असता आणि मग माझ्या आवाजावरचा त्यांचा विश्वासही गेला असता. त्यातच मला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीची पहिली फेरी टेलिफोनवर होती. समोरचा म्हणाला, तुम्ही फार स्पष्ट बोलता. ते मी अक्कांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच कोनाड्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस?" निरोप घेऊन मी निघालो तेव्हा त्या माझ्या बाजूला बघत होत्या, माझ्याकडे नाही. नजर किती गेली होती ते मला तेव्हा कळलं.

पुण्यातून मी त्यांना एक पत्र लिहिलं. शेजारणीने वाचून दाखवावं अशी सोय केली होती. ते पत्र खाली देतोच, पण आधी त्यानंतरचं सांगतो.

दिवाळी झाल्यावर मी धुळ्याला गेलो. दार अक्कांनीच उघडलं. खोलीत चुन्याचा ताजा वास होता. ती भिंत पांढरीशुभ्र. पट गुंडाळून सुतळीने बांधलेला, कोनाड्यात पुन्हा ट्रान्झिस्टर. खिडकीत थेंबांची बाटली, अर्धी झालेली. मशीन जुन्या गोधडीत बांधून दारापाशी ठेवलं होतं.

"तुझा पाहुणा घेऊन जा," अक्का म्हणाल्या.

"तीन पडले?"

"पडले. तू लिहिलंस तसं केलं. एक दिवस, एक रात्र लाईन धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकायला सांगितलं. पहिल्याच खेपेला." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मी त्याची सोंगटी उचलून घरात ठेवली. मग त्याला म्हटलं, तीन मिनिटं झाली, मास्तर. आणि मी फोन ठेवून दिला."

कागदावर सही करून झाली होती, हेही त्यांनी सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच बसून दोन कप चहा प्यायलो. निघताना फाटकापाशी शेजारीण भेटली. मी सहज म्हणालो, बरं झालं, नेमकी त्या दिवशी लाईट टिकली.

"कुठली टिकते?" ती म्हणाली. "पत्र वाचून दाखवलं ना मी, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. बठ्ठी गल्ली संध्याकाळपर्यंत उकडत होती. अक्का मात्र दार लावून बसलेल्या. मी विचारलं, काय करताय, तर म्हणे, होल्डवर आहे."

मी परत आत गेलो नाही. लाईट गेली तर मशीन बंद झालं असणार. बंद झालं तर तारीख पुसली गेली असणार, आणि पुन्हा चालू झाल्यावर चार पडले असणार. चारच. दुसरं काही पडूच शकत नाही, कारण प्रोग्राम मी लिहिला आहे. गोधडीतलं मशीन पुण्याला आणून मी ते कितीतरी वेळा सुरू केलं आहे. दर वेळी चार पडतात.

अक्का त्यानंतर बरीच वर्षं होत्या. राहिलेली नजर शेवटपर्यंत टिकली. त्यांच्या घरी मी जात राहिलो, पण लाईटचं कधी विचारलं नाही. एकदाच, चुना लावलेल्या भिंतीकडे माझं लक्ष गेलं. कोनाड्याच्या खाली पुसट, गोल, पिवळसर काहीतरी उमटू लागलं होतं. चुन्यातून जुनं तेल वर येतं, हे कुठलाही रंगारी सांगेल. अक्कांनी माझी नजर कुठे आहे ते न बघताच ओळखलं. म्हणाल्या, "असू दे. आता त्याचा डाव झालाय. नुसताच बसतो."

ते पत्र असं होतं.

"तीर्थरूप अक्का यांस साष्टांग नमस्कार.

मी पुण्यात सुखरूप आहे. दिवसभर फोनवर बोलावं लागतं. शब्द गिळत नाही.

एक गोष्ट समोर बसून बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो. तुमच्या मशीनला रोज तोच दिवस दिसतो, तो सेलमुळे असं मी तुम्हाला म्हणालो. ते अर्धंच खरं आहे. मशीन चालू असताना त्याचं घड्याळ नीट चालतं. रोज आपण ते बंद करतो, म्हणून त्याचा दिवस पुढे सरकत नाही. सन ऐंशीच्या पहिल्या जानेवारीला नाना घरी असतील. पण अक्का, आपण त्यांना दोन जानेवारी कधी बघू दिलेली नाही. त्यांच्या शाळेची सकाळ कधी उजाडत नाही. त्यांना तीन पाहिजेत आणि आपण त्यांना रोज त्याच चारवर बसवून ठेवलं आहे.

सेल बदलू नका. प्रोग्रामला मी हात लावलेला नाही. दोन तारखेला काय पडतं ते मी मुद्दाम बघितलेलं नाही. तीन पडतील असं वचन मी देत नाही. पडले नाहीत तर तीन तारीख येईल.

तुम्ही एवढंच करा. एक दिवस डोळ्यांत थेंब घालून पटाशी बसा आणि बटण दाबा. तीन मिनिटं होतील. पलीकडून कोणी बोलणार नाही. तुम्हाला नियम आठवेल.

या वेळी कापू नका, अक्का. धरून ठेवा."